शनिवारचे घर

सोलापुरात सरकारी कचेऱ्यांच्या आवाराबाहेर, भिंतीच्या सावलीत, एक उतरते मेज आणि दोन खुर्च्या एवढ्या सामग्रीवर मी वीस वर्षे अर्ज लिहिले. माझे शिक्षण मराठी सातवीपर्यंतचे. तथापि पदवीधर वकीलही अर्जाचा मायना विचारण्यास माझ्याकडे येत, आणि मी तो सांगत असे. हे मी प्रौढीने लिहीत नाही. ज्यांना खोटे वाटत असेल त्यांनी त्या काळच्या वकिलांना विचारावे.

सन एकोणीसशे सत्तरनंतरच्या त्या कोरड्या वर्षांतली ही हकीकत आहे. एका सकाळी मोडनिंबच्या पलीकडील एका खेड्यातला वृद्ध शेतकरी माझ्यापुढे उभा राहिला. त्याच्यामागे साडेसहा फूट उंचीचा एक गोरा इसम होता. अंगात मांजरपाटाची बंडी, डोक्याला टॉवेल, नाकाची कातडी सोललेली. मी ताबडतोब दुसरी खुर्ची पुसली आणि इंग्रजीत स्वागत करण्यासाठी घसा साफ केला.

"राम राम," तो म्हणाला. "तुमी अर्ज लिवता न्हवं? माजा लई तातडीचा हाय."

माझी मोठीच निराशा झाली. साता समुद्रांपलीकडून आलेल्या माणसाने इतके अशुद्ध मराठी बोलावे, याला मी मोडनिंबच्या पलीकडील त्या खेड्यास जबाबदार धरतो.

गृहस्थ हॉलंडचा. कोणा सेवासंस्थेचा स्वयंसेवक म्हणून गावात पिण्याच्या पाण्याची विहीर खोदण्यास आला होता. खोदाई काळ्या पाषाणाला लागली होती. पाषाण फोडण्याचे यंत्र संस्थेने त्याच्या नावावर दिले होते. तो गेला की यंत्रही जाणार. त्याच्या मुक्कामाचा परवाना आठ दिवसांत संपत होता आणि त्यास तीन महिने वाढवून हवे होते.

"यंत्र गेलं तर हीर अशीच ऱ्हाती, भाऊसायेब," म्हातारा म्हणाला. "बायका दीड कोस चालत्यात पान्याला. हाताच्या सुतकीनं त्यो दगुड आमच्या नातवंडांच्यानं बी फुटायचा न्हाय."

मी कागद पुढे ओढला. अर्जाचे शास्त्र थोडक्यात सांगतो. सरकार मायबाप असते आणि मायबापांना धडधाकट लेकराची कणव येत नाही. म्हणून पहिल्या परिच्छेदात अर्जदाराची दैना यावी लागते. त्याप्रमाणे मी लिहिले, 'अर्जदार हा अत्यंत गरीब, निराधार व निष्कांचन इसम असून त्यास मेहेरबान सरकारखेरीज या जगात कोणाचाही आसरा नाही. सबब त्याजवर उपासमारीची पाळी आली आहे.' आणि रिवाजाप्रमाणे मोठ्याने वाचून दाखविले.

"माजा बाप हाय की," गोरा म्हणाला. "दर म्हैन्याला पत्र येतं त्याचं."

"परदेशातील बाप अर्जात धरीत नाहीत."

"आन मी उपाशी बी न्हाय. सकाळी दोन भाकरी खाल्ल्या."

"अर्जातील उपासमारीचा पोटाशी संबंध नसतो," मी म्हणालो. "सही करा."

त्याने सही केली, परंतु चेहरा असा केला की जणू मी त्याच्याकडून चोरीचा कबुलीजबाब लिहून घेत होतो.

ज्या कचेरीत अर्ज गेला तिचे नाव घेणे माझ्या व्यवसायास परवडणारे नव्हते व आजही मी घेत नाही. तेथील साहेबांनी दुसऱ्याच दिवशी मला आत बोलाविले. असा मान क्वचित मिळे, म्हणून मी टोपी नीट करून गेलो. गोरा आणि म्हातारा अगोदरच तेथे उभे होते.

"हा अर्ज आपण लिहिलात?"

"होय, साहेब. अक्षर माझेच."

"अक्षर उत्तम आहे. नियम असा आहे की ज्या परदेशी माणसाजवळ निर्वाहाचे साधन नाही, त्याला देशात ठेवून घेता येत नाही. तीन महिन्यांचा प्रश्नच सोडा; हा अर्ज वाचल्यावर मला याला आजच गाडीत बसवावे लागेल. आपण अर्ज लिहिलात की हद्दपारीचा हुकूम?"

वीस वर्षांत माझ्या पहिल्या परिच्छेदाने कोणाचे नुकसान केले नव्हते. तो वाचून कारकुनांचे डोळे पाणावलेले मी पाहिले होते. चूक नियमाची होती असेच माझे मत आहे. परंतु त्या क्षणी म्हातारा माझ्याकडे ज्या नजरेने पाहत होता, ती नियमाकडे वळविणे मला साधले नाही.

"सायेब, आमी जेवू घालतोय की त्येला," म्हातारा म्हणाला.

"आम्ही म्हणजे कोण? रोज कोण घालतो?"

"वार लावल्यात. सोमवारी माज्या घरी, मंगळवारी थोरल्या भावाकडं. सात वार, सात घरं."

शहरात शिकणारी गरीब मुले पूर्वी वार लावून जेवत, हे साहेबांना ठाऊक होते; बहुधा तेही त्यातलेच असावेत, कारण त्यांचा आवाज एकदम खाली आला. "तसे लिहून आणा. सात वार, सात घरे, प्रत्येकाचा अंगठा किंवा सही. आणि मुदत संपण्याच्या आत."

दुसरा अर्ज लिहिताना मला घाम फुटला. माणसाचे बरे चालले आहे, हे लिहिण्याचा मायना कोठेच उपलब्ध नव्हता. 'अर्जदार सुखात असून' एवढे लिहून मी अर्धा तास थांबलो. गोरा समोर बसून मला धीर देत होता. हॉलंडहून तो गाड्या बदलत, खुष्कीच्या मार्गाने आला होता, आणि स्वस्त प्रवासाचे त्याचे काही नियम होते. जोडे उशाला घेऊन झोपावे; ट्रकवाले जेवतात तेथे जेवावे; वाट तिघांना विचारावी व दोघे सांगतील तिकडे जावे.

"ह्यो नियम सोलापुरात चालला न्हाय," तो म्हणाला. "नव्या पेठेत तिघांना इचारलं, तर तिघं बी संगट निघाले. वाटंत च्या पाजला. मला जायचं हुतं टेशनात, आन पोचलो त्यातल्या एकाच्या मेव्हण्याच्या घरी."

शेवटच्या दिवशी म्हातारा कागद घेऊन परतला. अंगठे सहा होते.

"शनवारवाला अंगठा देत न्हाय," तो मान खाली घालून म्हणाला. "म्हनतो, जेवाय पायजे तर रोज घालतो, पर सरकारी कागदावर अंगठा उठला की जिमीन जाती. लई समजावलं. त्याची बायको तर चुलीम्होरनं उठून आत जाऊन बसली."

"दुसरे घर?"

"आता गावाकडं जाऊन यस्तवर कचेरी बंद हुईल की वो."

गोऱ्याने टॉवेल सोडला, घडी केली, पुन्हा बांधला. मी कागदाकडे पाहिले. सहा वारांपुढे सहा काळे ठसे आणि शनिवारपुढे कोरी जागा. मी दौतीत टाक बुडविला आणि शनिवारपुढे माझे नाव, पत्ता व सही केली. ही केवळ कागदाची पूर्तता होती, असे मी दोघांनाही स्पष्ट सांगितले. म्हाताऱ्यास ते समजले. साहेबांनी सही पाहिली, माझ्याकडे पाहिले आणि तीन महिन्यांचा शिक्का उठविला.

पुढल्या शनिवारी बारा वाजता गोरा माझ्या दारात उभा.

"काय काम काढलेत?" मी विचारले.

"शनवार हाय की."

एस.टी.चे धक्के खात, अंगावर दगडाची भुकटी घेऊन तो आला होता. कागदावर जे लिहिले ते पाळायचे असते, अशी त्याची समजूत होती. मी इतकी वर्षे कागद लिहिण्यात घालविली, परंतु ही समजूत असलेला मनुष्य प्रथमच पाहत होतो. त्याला परत पाठविणे मला शक्य नव्हते; दारावर आळीतले निम्मे लोक जमले होते.

आमच्या सौभाग्यवतींनी ताट वाढले. पाणी दिले तर हा आभार मानी, भाजी वाढली तर आभार मानी.

"अहो, यांना सांगा," ती आतून म्हणाली, "जेवताय का भाषण करताय?"

जेवण होताच तो ताट घेऊन मोरीकडे निघाला. हिने ताटाची दुसरी कड धरली. पाहुण्याने ताट घासणे म्हणजे घराची अब्रू गेली. न घासणे म्हणजे त्याची गेली. दोघेही ओढीत होते आणि दोघांनाही हसू येत होते. शेवटी ताट त्याने घासले आणि हिने ते माझ्यासमोर पुन्हा घासले. त्यानंतर तो अंगणात जाऊन विचारता झाला, "आता काम काय?" नको नको म्हणता त्याने महिनाभराचे सरपण फोडून ठेवले. आळीत वार्ता पसरली की मी घरकामाला साहेब ठेवला आहे. ती खोडून काढण्याची निकड मला वाटली नाही.

असे दहा शनिवार झाले. अकराव्याला तो आला नाही. हिने ताट झाकून ठेवले, दोनदा रस्त्यावर जाऊन पाहिले आणि मला म्हणाली, "यंत्र बंद पडलं का काय? आता दिवस तरी किती उरले त्यांचे?" मी तिला धीराने वागण्यास सांगितले व स्वतः तिसऱ्यांदा रस्त्यावर गेलो.

तीन वाजता म्हातारा आला. धोतर गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेले.

"काल सांजच्याला दगुड फुटला," दारातूनच तो म्हणाला. "झरा लागला, भाऊसायेब. कमरंएवढं पानी. त्यो हिरीतनं वर यायाच तयार न्हाय. पानी वर चढायच्या आत आनखी हातभर खाली जायाचं म्हनतो. मला धाडलं."

"निरोप द्यायला?"

"निरोप कशाला? म्हनला, आबा, कागदावर शनवार हाय. कुनीतरी जेवाय जायाच पायजे."

हिने झाकण काढले आणि पाट मांडला. म्हातारा हातपाय धुऊन बसला.

"बायका पाणी न्यायला लागल्या का?" तिने विचारले.

"गढूळ हाय अजून, पर घागरी मांडल्यात रांगंनं. पयली कुनाची, ह्येच्यावरनं भांडान बी लागलंय."

ती समाधानाने हसली आणि त्याला न विचारता तिसरी भाकरी वाढली.