दोन सेकंदांची चाचणी

आमच्या ह्यांना सगळी वसाहत 'थ्रीफेज' म्हणायची. तोंडावर नाही, पाठीमागे. हे धरणाच्या कार्यालयात इलेक्ट्रिशियन. नदीकाठी लोखंडी मनोऱ्यावर मोठा सायरन बसवला, तो ह्यांच्या ताब्यात. धरणाची दारं उघडायची असली की पंधरा मिनिटं आधी तो वाजवायचा, म्हणजे खाली पात्रात जी माणसं असतील ती वर येतात. मनोरा आमच्या क्वार्टरला अगदी लागून. मधे एक भिंत आणि पॅनेलची खोली, बस.

सायरन आला तेव्हा साहेब म्हणाले होते, घरच्या लाइनवर जोडून टाका. हे तिथंच भडकले. "साहेब, पंधरा हॉर्सपॉवरची मोटर आहे, टेबलफॅन नव्हे!" घराला एक फेज पुरतो, पण ही असली मोटर तीन फेजशिवाय जागची हलत नाही. तिन्हीतला एक जरी गेला तरी नुसती गुरगुरते, तापते आणि बसते. ह्यांनी हे मला इतक्या वेळा ऐकवलंय की झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. त्या तीन तारांसाठी ह्यांनी दोन वर्षं वीज कार्यालयाच्या पायऱ्या झिजवल्या. शेवटी तिथल्या इंजिनियरनं हात टेकले आणि ट्रान्सफॉर्मरपासून स्वतंत्र लाइन ओढून दिली. पॅनेलवर लाल, पिवळा, निळा असे तीन दिवे लागले, त्या दिवशी हे जेवायलाच येईनात. मी म्हटलं, "सवत आणलीत ती आणलीत, वर दारातच बसवलीत." हे चक्क हसले. ह्यांना हसायला असलंच काहीतरी लागतं.

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी सकाळी दहाला चाचणी. पूर्ण एक मिनिट. आधी गुर्र व्हायचं, मग आवाज चढत चढत जायचा, फळीवरची भांडी थरथरायची. मग हे वहीत लिहायचे, "वाजला. ठीक." पाच वर्षांत एक सोमवार चुकला नाही. अंगात ताप असला तरी मफलर गुंडाळून उभे.

मग सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. समज होती त्यांना, पण सायरन सुरू झाला की काय व्हायचं कोण जाणे. डोळे फिरवायच्या, डाव्या हातानं चादर ओरबाडायच्या, अंथरूण खराब व्हायचं. मी दोन्ही हातांनी त्यांचे कान दाबून धरायची, तरी डोकं माझ्या हातात लटलट हलत राहायचं. पुढचे दोन दिवस तोंडात घास घ्यायच्या नाहीत. आणि हे सगळं निस्तरायचं कुणी? मीच. तीन महिने सोसलं. चौथ्या महिन्यात माझं डोकं फिरलं.

"अहो, मिनिटभर बोंबलायलाच हवं का त्यानं? मोटर सुरू होते की नाही एवढंच बघायचंय ना? मग एक टिचकी मारा आणि बंद करा."

"तसं नसतं गं. आवाज चढल्याशिवाय कळत नाही."

"मग तुम्ही बसा आईंपाशी. मी दाबते बटण."

पुढच्या सोमवारी ह्यांनी बटण दाबलं आणि लगेच सोडलं. दोन सेकंद. गुर्र झालं नि थांबलं. सासूबाईंनी नुसती मान वळवली. माझा जीव भांड्यात पडला. ह्यांनी वही उघडली आणि लिहिलं, "वाजला. ठीक." लिहिताना पेन जरा अडखळलं, ते मी पाहिलं. पाहिलं आणि चहा टाकायला गेले.

असे चौदा सोमवार गेले. शेजारीपाजारीही खूश. एक जण तर ह्यांना म्हणाला, "तुमची सवत हल्ली फारच शहाण्यासारखी वागते हो!" म्हणजे माझा विनोद गावभर झाला होता.

आता कळलंय ते सांगते. धड मोटर सुरू होतानाही आधी गुर्रच करते, आणि एक फेज तुटलेली मोटरही गुर्रच करते. दोन सेकंदांत फरक कुणाला कळणार? वर मनोऱ्यावरच्या पेटीत एका तारेचं टोक गंजून कधी गळून पडलं, कुणालाच ठाऊक नाही. खाली पॅनेलवर तिन्ही दिवे मजेत चालू होते. पॅनेलपर्यंत वीज आली एवढंच ते सांगतात, पुढचं त्यांना काय माहीत?

त्या उन्हाळ्यात वरच्या डोंगरात अवकाळी कोसळला आणि धरण दोन दिवसांत तुडुंब झालं. दुपारी तीनला फोन आला. साडेतीनला दारं उघडतोय, सव्वातीनला सायरन द्या. काही अडचण असेल तर लगेच कळवा, थोडा वेळ थांबवून धरता येईल.

सव्वातीनला ह्यांनी बटण दाबलं. मी सासूबाईंचे कान दाबून बसले होते, आवाज चढायची वाट बघत. गुर्र झालं आणि गुर्रच होत राहिलं. मग खट करून बंद. पुन्हा गुर्र, पुन्हा खट. मी उठून पॅनेलच्या खोलीत धावले. हे टेस्टर घेऊन उभे, घामानं निथळत होते.

"एक फेज पोचत नाहीये. फ्यूज नीट आहेत. वरच तुटलंय काहीतरी."

"धरणावर फोन करा!"

"वर जातो, तार जोडतो, झालंच. पाच मिनिटं."

"अहो, आधी फोन करा!"

"काय सांगू त्यांना? दर महिन्याला ठीक लिहिलंय मी." एवढं म्हणून मेन स्विच पाडला आणि शिडी चढायला लागले. चौपन्नाव्या वर्षी ऐंशी पायऱ्या.

फोन तिथंच होता, माझ्या हाताशी. मी करू शकले असते. मला सुचलं नाही, की सुचूनही ती वही डोळ्यांपुढे आली, खरंच सांगता येत नाही. मी नदीकडे पळत सुटले.

"वर या! पाणी सोडतायत! पळा!" ओरडून ओरडून घसा फुटला. कपडे धुणाऱ्या बायका बादल्या टाकून निघाल्या. वाळू चाळणारे निघाले. माझा आवाज पोचला तिथपर्यंतची सगळी माणसं वर आली. त्याच्या पुढचं काम सायरनचं होतं. पार पलीकडे, पात्रामधल्या वाळूवर खरबुजांचा मळा होता. खरबूजवाली मावशी तिथं वाकून वेल सारखे करत होती. मी दोन्ही हात वर करून हलवले. तिनं पाहिलं, हसली असावी. मी नेहमी काठावरूनच तिला हात करायची, खरबूज हवं असलं की. तिनं एक खरबूज उचलून मला दाखवलं, हे चालेल का म्हणून.

साडेतीन वाजून चार मिनिटांनी सायरन वाजला, अगदी पूर्ण चढून. तोवर पाणी वळणावर आलं होतं. मावशी तिसऱ्या दिवशी सापडली.

पुढच्या आठवड्यात चौकशी लागली. हे आत गेले, मी बाहेरच्या बाकावर बसले. शेजारी एक तिशीची बाई बसली होती. मावशीची मुलगी, लांबच्या गावी दिलेली. मला ती ओळखत नव्हती. दाराची वरची झडप उघडी होती, आतलं सगळं स्वच्छ ऐकू येत होतं.

"शेजारी सांगतात, चौदा महिने सायरन चढलाच नाही. पूर्ण चाचणी का केली नाही?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"आळस केला, साहेब."

"घरात काही अडचण होती? आजारपण वगैरे?"

"नाही साहेब. आळसच."

हा माणूस आणि आळस! दार ढकलून आत जावं, सांगावं की साहेब, ह्यांना मी भाग पाडलं, हे नको म्हणत होते. पाय उचललाच नाही माझा. लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा भीती जास्त होती.

"ऐकलंत?" ती मुलगी म्हणाली. "आळस म्हणे. एका माणसाच्या आळसापायी माझी आई गेली." आणि तिचा बांध फुटला. रडता रडताच तिनं विचारलं, "तुमचंही कुणी गेलं का हो?"

मी मान हलवली, नाही म्हणून.

"मग तुम्ही कशाला आलात?"

"अशीच," मी म्हणाले.

तिनं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. बराच वेळ. मग दार उघडलं, हे बाहेर आले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "चल गं घरी, आई वाट बघत असेल."

तिनं माझ्या खांद्यावरचं डोकं उचललं.