पुसलेला ‘इन’

सोमवार, १० जुलै १९७८. दुपारचे चार वाजून दहा मिनिटे. नाशिकच्या आमच्या शाळेत, नववीच्या वर्गात, मी शेवटच्या बाकावर निरीक्षणाचा कागद घेऊन बसलो होतो. शेवटचा तास. शिकवणारे तरुण शिक्षक निफाडकडचे, वर्षभरासाठी नेमलेले. त्यांना कायम करायचे की नाही, हे इंग्रजीचा ज्येष्ठ शिक्षक म्हणून मी देईन त्या शेऱ्यावर ठरणार होते.

त्यांनी फळ्यावर लिहिले: ‘धिस इज द हाउस विच आय लिव्ह इन.’

मी उठलो आणि डस्टरने शेवटचा ‘इन’ पुसला.

“सर, तो लागतो,” ते हळूच म्हणाले.

“मराठीत पाहा. ‘मी राहतो ते घर.’ यात ‘आत’ कुठे आहे?”

ते पुढच्या वाक्याकडे वळले. एक मुलगा पुटपुटला, “सर ओट्यावर राहतात!” वर्ग हसला. मीही हसलो. कागदावर ‘व्याकरण कच्चे’ असे लिहून तो मुख्याध्यापकांकडे दिला.

शाळा सुटली. चहा घेताना तेच वाक्य मनात फिरवले. ‘ज्या घरात मी राहतो’ म्हटले, की ‘घरात’मधला ‘त’ लख्ख दिसतो. ‘मी राहतो ते घर’ म्हणताना मराठी तो गिळते. इंग्रजीला ते चालत नाही. ग्रंथालयात जाऊन व्याकरण उघडले. ‘इन’ शेवटी चालतो, ‘विच’च्या आधीही चालतो, गाळलेला चालत नाही. बावीस वर्षे मी तो गाळून शिकवला होता.

मुख्याध्यापकांकडे कागद परत मागितला.

“अहो, शेरा बदललात तर चूक कोणाची, तेही लिहावे लागेल. शाळेत तुमचा शब्द प्रमाण. त्यांना काय, मिळेल दुसरीकडे.”

क्षणभर मला ते पटले. मग लिहिले: ‘शिक्षकांचे वाक्य बरोबर. चूक निरीक्षकाची. कायम करावे.’

ते शिक्षक आवारात सायकलचे कुलूप काढत होते.

“तुमचा ‘इन’ बरोबर होता. शेरा बदलला आहे.”

“माहीत होतं, सर.”

“मग अडून का बसला नाहीत?”

“वर्षाची नेमणूक आहे, सर.”

क्षमा मागायला हवी होती. मागितली नाही. नववीच्या वर्गात परत गेलो. फळा कोणी पुसला नव्हता. रिकाम्या जागी ‘इन’ लिहिला, खडू ठेवला आणि दाराला कडी घातली.