पोलीस ठाण्यातलं हळदीकुंकू

आमचे हे निवडून आले तेव्हापासून मला नाव उरलेलं नाही. परळपासून लालबागपर्यंत मी सगळ्यांची वहिनी. सासऱ्यांच्या वयाचे म्हातारेही वहिनी म्हणतात. संक्रांतीनंतर मैदानात आमचं हळदीकुंकू असतं. त्याच्या बॅनरवर यांचा फोटो मोठा आणि माझा कोपऱ्यात, हात जोडलेला. मांडवभर बायका येतात आणि मला दर वर्षी एकच घोर, वाण पुरेल ना.

त्या वर्षी घोर वेगळाच लागला. रांग नुकती सुरू झाली होती, तेवढ्यात मंडळातली एक जण कानाशी लागली. दोन गल्ल्यांपलीकडच्या चाळीत एक मावशी खानावळ चालवतात. त्यांना पोलिसांनी दुपारीच उचललं होतं. चाळ पाडायला बिल्डरचं मशीन आलं आणि मावशी त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसल्या. नवी जागा कुठे देणार ते आधी लिहून द्या, मग उठते, एवढंच त्यांचं म्हणणं. अटक दाखवलीच नव्हती, नुसतं चौकशीला म्हणून नेलं होतं. त्यात मावशींना साखरेचा आजार.

ठाण्यात मी काही पहिल्यांदा जाणार नव्हते. आमच्या मंडळात एक वकीलबाई यायच्या, त्यांच्याकडून मी शिकले होते की बाईची चौकशी तिच्या घरी जाऊन करायची, तिला ठाण्यात आणायचं नाही. त्या एवढ्याशा माहितीवर मी कितीतरी बायकांना घरी आणलं होतं. पण हा बिल्डर यांचा माणूस. खरं तर हेच त्याचे माणूस, पण ते आमच्या घरात बोलायचं नाही.

माईकवरच्या मुलीला म्हटलं, "मी ठाण्यात जाऊन येते, तू बायकांना थांबव." आणि तशीच निघाले. काळी साडी, नाकात नथ, हातात कुंकवाचा करंडा.

साहेबांची बायको म्हटल्यावर इन्स्पेक्टरने खुर्ची दिली, चहा मागवला. मी मावशींना सोडा म्हटलं, तसा त्याने हळूच विचारलं, "वहिनी, साहेबांना माहीत आहे ना, तुम्ही आलात ते?"

"मला माहीत आहे. तेवढं पुरे." मी म्हणाले. पर्समध्ये फोन थरथरत होता. यांचाच. मी घेतला नाही.

मावशी आतल्या बाकावर बसल्या होत्या. कपाळावर घाम, हात थंडगार. सकाळी इंजेक्शन घेतलं आणि त्यानंतर पोटात काही नाही, म्हणजे साखर उतरलेली. पर्समधली तिळाची वडी मी त्यांना भरवली. मावशींना इथे काही झालं तर मी कुणाला तोंड दाखवू, हे एकच डोक्यात घुमत होतं.

तेवढ्यात बाहेर गलका झाला. हवालदारांनी धावत जाऊन फाटक ओढलं, त्यांना वाटलं मोर्चा आला. मोर्चा कसला, माझ्या बायका होत्या. माईकवरच्या त्या शहाणीने पुकारलं होतं, "वहिनी पोलीस ठाण्यात आहेत." बायका समजल्या, यंदा हळदीकुंकू तिकडे. नटूनथटून त्यांनी ठाण्याच्या आवारात शिस्तीत रांग लावली. पहिलीने कपाळ पुढे केलं, "वहिनी, लावा लवकर, कुकर लावून आलेय."

मी काय करणार? लावलं. आणि प्रत्येकीला सांगत गेले, आत मावशी बसल्यात, त्यांना भेटल्याशिवाय जाऊ नका. मग एकही बाई हलेना. ड्युटीवरची महिला पोलीससुद्धा रांगेत उभी राहिली. मोबाईल वर झाले, शूटिंग सुरू झालं. इन्स्पेक्टर घामाघूम.

मग हे आले. गाडीतून उतरले तेव्हाचा चेहरा मला ओळखीचा होता, घरात भडकतात तेव्हाचा. पण मोबाईल दिसले आणि त्याच चेहऱ्यावर बॅनरवरचं हसू आलं. "हिला मीच पाठवलं," हे मोठ्याने म्हणाले. "मावशी आमच्या घरच्या. सोडा त्यांना."

टाळ्या पडल्या. असा संताप आला की करंडा डोक्यात घालावा. पण मावशी पायऱ्या उतरत होत्या, स्वतःच्या पायांनी, आणि मला रडू फुटलं.

मावशींनी यांच्याकडे पाहिलंही नाही. माझा हात धरून त्या म्हणाल्या, "वयनीनू, उद्या ती मशीन परत येतली. तुम्ही येशात मा?"

हे शेजारीच उभे होते. मी म्हटलं, "येईन."

गाडीत बसताच हे ड्रायव्हरला म्हणाले, "उद्या वहिनींना गाडी द्यायची नाही."

नवऱ्याला माझ्या एवढंही कळू नये? दोन गल्ल्यांवर तर चाळ. सकाळी घरातली खुर्ची उचलली आणि चालत गेले. मशीनसमोर बसलेल्या मावशींच्या शेजारी जागा होती, तिथे खुर्ची टाकली आणि बसले.