दुसरी बाळाबाई

बाळाबाईचा राग काय चीज आहे, हे वेल्ह्याकडच्या त्या वाडीत निम्म्या गावाला लहानपणापासून ठाऊक. कारण निम्मं गाव तिच्याच अंगणवाडीत भोकाड पसरून मोठं झालेलं. एकतीस वर्षं तिनं पोरांची नाकं पुसली, खिचडी वाढली आणि जो नीट बसणार नाही त्याला भिंतीकडं तोंड करून उभा केला. रिटायर झाली तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता बाई जरा निवेल. निवते कसली, उलट दिवसभर रागवायला मोकळी झाली.

नवरा मानसिंगराव, एसटीचे ड्रायव्हर, भोर डेपोचे. तेही रिटायर. माणूस इतका गरीब, की घाटात समोरून गाडी आली की आधी हेच मागं घ्यायचे. घरातही जन्मभर तेच धोरण. त्यामुळं संसारात टक्कर अशी कधी झाली नाही.

या दोघांची घरं दोन. एक वर उत्तरेला, तोरण्याच्या पायथ्याशी, सासऱ्यांनी बांधलेलं. दुसरं खाली दक्षिणेला, भोंगवलीत. भोंगवलीची मुक्कामी गाडी मानसिंगरावांनी बारा वर्षं चालवली. त्या गावानं त्यांना चहा पाजला, कोरड्यास-भाकरी दिली, आणि शेवटी एक गुंठा जागाही दाखवली. रिटायर झाल्यावर त्यावर दोन खोल्या टाकल्या. कारण वेल्ह्याच्या पावसात ह्यांचा दमा उठतो. तिथं चार महिने धुतलेला कपडा वाळत नाही, भिंतीला हात टेकला तर तळवा ओला. म्हणून ज्येष्ठात भिंतींना गवताच्या झडी बांधायच्या, वरून प्लास्टिकचा कागद मारायचा, किल्ली दिराच्या मुलाकडं, धनाजीकडं द्यायची आणि खाली उतरायचं. दसऱ्याला परत वर.

ऐकायला किती सुखाचं वाटतं नाही? पण बाळाबाईला विचारा. भोंगवलीत हळदीकुंकवाला बोलावणं येतं ते 'वेल्ह्याच्या काकू' म्हणून. आणि वेल्ह्यात पिशवी खाली ठेवायच्या आत कुणीतरी विचारतंच, आलात व्हय, आता जाणार कधी? तीस-चाळीस वर्षं ज्या गावाचा धूर डोळ्यांत घेतला, त्या गावात ही पाव्हणी. हे तिच्या मनात आधीपासून खदखदत होतं. वर झाकण ठेवलेलं, एवढंच.

ते झाकण उडालं श्रावणातल्या एका शनिवारी सकाळी.

शेजारची वैष्णवी, भोरला कॉलेजात जाणारी, मोबाईल नाचवत आली. म्हणाली, आजी, तुमी फेमस झालाय. बाळाबाईनं चष्मा लावला. मोबाईलमध्ये तिचंच घर. तिचीच ओसरी, तिचीच कपबशीची फळी. ओसरीवर पुण्याची पाच-सहा पोरं-पोरी भिजल्या पायांनी बसलेली. खाली लिहिलेलं, 'बाळाबाईचं घर, चुलीवरचं जेवण, आजीची माया'. आणि चुलीपुढं पाठमोरी एक बाई भाकरी थापत होती. एका पोरीनं हाक मारली, बाळाबाई, इकडं बघा की. आणि ती बाई वळून हसली.

ती रतनबाई होती. वाडीच्या वरच्या अंगाला राहणारी, एकटी बाई.

बाळाबाईनं ते तीनदा बघितलं. चौथ्यांदा दाखवायचं धाडस वैष्णवीला झालं नाही. मानसिंगराव चहा पीत होते, ते बशीत बघत म्हणाले, "आसू दे की. पोरगं काय वाईट करतंय का? घर तेवढं झाडलं-लोटलं जातंय."

ह्या 'आसू दे'त काहीतरी मुरलंय, हे बाळाबाईच्या ध्यानात आलं. पण तेव्हा तिच्याकडं वेळ नव्हता. तिनं छत्री घेतली, किकवीला हायवेवर आली, नसरापूर फाट्याला उतरली आणि वेल्ह्याच्या एसटीत चढली. कंडक्टरनं ओळखून विचारलं, काकू, यंदा लवकर? तिनं नुसते पैसे पुढं केले. बाळाबाई बोलत नाही म्हणजे काय, हे त्याला माहीत असतं तर त्यानं तिकीटही लांबूनच दिलं असतं.

वाडीत पोचली तर अंगणात दोन गाड्या उभ्या, आणि दारावर पाटी. तिच्या नावाची. पाटीला झेंडूची माळसुद्धा. आत गेली तर ओसरीवर एक मुलगा लोळत पडलेला. त्यानं मान उचलून अगदी प्रेमानं विचारलं, "आजी, तुम्ही पण इथल्याच का?"

स्वतःच्या ओसरीवर उभं राहून, आपण इथल्या का, याचं उत्तर द्यायची पाळी. ती सरळ आत गेली.

चुलीपुढं रतनबाई बसलेली. बाळाबाईला बघून तिच्या हातातली भाकरी काठवटीतच मोडली. अक्का, म्हणत तिनं घाईनं पदर सारखा केला.

बाळाबाई तोंड उघडणार, तेवढ्यात मागून धनाजी आला. तिशीतला गडी, गॉगल डोक्यावर चढवलेला. आधी गडबडला, मग हसला. ये काकी, बस काकी, च्या टाकू का, असं सुरू केलं. स्वतःच्या घरात 'बस' म्हणवून घ्यायचं, म्हणजे पाव्हणी ठरण्याची ही त्या दिवसातली दुसरी वेळ.

मग धनाजीनं समजावलं. पोरगं बोलायला हुशार, लहानपणी भिंतीकडं तोंड करून जास्त वेळ काढलेला, तेव्हापासूनच कारणं तयार करायची सवय. म्हणाला, बंद घर पावसात मरतंय. धूर लागला न्हाई तर वाशाला किडा धरतोय. मागल्या साली तुमी आला तवा आढ्याला बुरा व्हता का न्हाई? वाशाचा भुसा पडला व्हता का न्हाई? औंदा बघ.

बाळाबाईनं वर बघितलं. आणि खरंच, आढं कोरडं होतं. काळं, कडक, धुरानं चकचकीत. भिंतीला हात लावला तर तळव्याला ओल नाही. सासूच्या वेळी घर असं असायचं.

इथं कुणी मऊ झालं असतं. बाळाबाई जास्त भडकली. चोरानं चोरी करावी आणि वर घर सारवून जावं, म्हणजे ओरडायलाही तोंड ठेवू नये, असा प्रकार. तिनं विचारलं, धूर करायचा व्हता तर धूर करायचा, माझं नाव कशाला लावलं?

धनाजी म्हणाला, "नावाशिवाय लोकं येत न्हाईत, काकी. आन् काकांना विचारलं व्हतं म्या. काका म्हनले, बघ बाबा तुझ्या पद्धतीनं."

म्हणजे तो 'आसू दे' इथून आलेला. मानसिंगरावांनी आयुष्यात एकदाच तिला न विचारता गाडी पुढं काढली, आणि तीही नेमकी अशी.

ती काही बोलायच्या आत रतनबाई बोलली. खाली बघून, काठवटीतलं पीठ गोळा करत. वरच्या अंगाचं तिचं घर आषाढात मागच्या बाजूनं बसलं. भिंत आत आली, चूल गाडली गेली. धनाजीनं हितं ऱ्हा म्हणून सांगितलं, तिला वाटलं देवच पावला. अट एकच होती.

"बाळाबाई म्हनून हाक आली की व्हय म्हनायचं," रतनबाई म्हणाली. "पहिल्या दिवशी माझ्या तोंडातनं आवाजच निघंना, अक्का. मंग सवय झाली. परवा रानात लक्षीमीच्या सुनंनं रतनबाय म्हनून हाक मारली, तर म्या वळलेच न्हाई."

ओसरीवरची पोरं दारात येऊन उभी राहिली होती. त्यांना काही कळत होतं, काही नाही. ज्या पोरीनं बाळाबाई म्हणून हाक मारली होती तशीच एक पोरगी पुढं होती, तिचा चेहरा उतरला.

बाळाबाईनं मग आवाज लावला. घसा रिटायर झाला नव्हता. "धनाजी, डोक्यावरचा चष्मा काढ. हितं ये. सरळ उभा ऱ्हा."

आणि तो तिशीतला गडी, दोन लेकरांचा बाप, खरोखर येऊन उभा राहिला. हातसुद्धा पाठीमागं.

"ही कोन हाय, सांग ह्यांना."

धनाजीनं सांगितलं, रतनबाई.

"मोठ्यानं. मागं ऐकू गेलं न्हाई."

त्यानं मोठ्यानं सांगितलं. मग तिनं विचारलं, मी कोण? तेही त्यानं सांगितलं. घर कुणाचं, तेही. एका पोरानं मोबाईल वर धरला, तर बाळाबाईनं त्याच्याकडं नुसतं बघितलं. मोबाईल खिशात गेला.

पाव्हण्यांना तिनं उपाशी घालवलं नाही. भाकरी थापलेल्या होत्या, पिठलं शिजलेलं होतं. जेवा म्हणाली, आणि जेवून झालं की निघा. पोरं अंगणवाडीसारखी ओळीत बसून गपचूप जेवली. जाताना एक-दोघं पाया पडली. तिच्याही आणि रतनबाईच्याही, आणि प्रत्येकीचं नाव नीट घेऊन. पाटी धनाजीला स्वतःच्या हातानं उतरवायला लावली. त्याच्या शर्टाला मग झेंडूच्या पाकळ्या चिकटल्या, त्या कुणी काढायला सांगितल्या नाहीत.

किल्ली तिनं त्याच्याकडून घेतली आणि रतनबाईपुढं ठेवली. पाऊसभर ऱ्हा, म्हणाली, चूल पेटती ठेव, पन तुझ्या नावानं. रतनबाई रडायला लागली, तर त्यावरही बाळाबाई खेकसली, की आधी ती भाकरी उलट, करपतीय.

मानसिंगरावांशी ती भोंगवलीत नऊ दिवस बोलली नाही. नऊच का, तर दहाव्या दिवशी त्यांना दम लागला आणि वाफ घ्या म्हणावं लागलं. त्यांनी तेवढ्यावर समझोता झाला असं धरलं. झाला नव्हता.

दसऱ्याला दोघं वर आली. रतनबाईची भिंत वाडीनं हातभार लावून उभी केली होती, ती आपल्या घरी गेली होती, जाताना ओसरी सारवून. संध्याकाळी सगळे सोनं द्यायला येऊन गेले. शेवटी धनाजी आला, नवा सदरा घालून, बायको-पोरांना पुढं करून. काकी, सोनं घ्या, म्हणून वाकला.

बाळाबाईनं पोरांच्या हातावर साखर ठेवली. सुनेला कुंकू लावलं. धनाजीच्या हातातली आपट्याची पानं घेतली, कारण सणाला हात मागं घेऊ नये.

पण बस म्हणाली नाही.