व्हॉल्व्हवरचं लाल फडकं

शहराचा सगळ्यात सखल कोपरा नदीकाठी होता, आणि त्या कोपऱ्यात मास्तरांचं राज्य होतं. घराघरांतल्या मोऱ्या, खानावळी, इस्पितळ, दोन शाळा आणि एक नाट्यगृह, सगळ्यांचं वापरून झालेलं पाणी रस्त्याखालच्या पाइपांतून उतरत यायचं. वाटेत तीन पंपहाऊस त्याला उचलून पुढे ढकलायची, आणि शेवटी ते मास्तरांच्या प्लांटवर हजर व्हायचं. तिथून निघताना ते इतकं नितळ झालेलं असायचं की नदीनं निमूटपणे पोटात घ्यावं.

आत येणाऱ्या पाण्याच्या मीटरवर नजर टाकून मास्तर शहराची नाडी सांगत. सकाळी सात वाजता काटा चढू लागला की शहर अंघोळीला बसलं. शनिवारी नाट्यगृहात मध्यंतर झालं की पाऊण तासानं काटा पुन्हा एक उडी घ्यायचा. उडी जोरदार असली की नाटकाला गर्दी, लहान असली की नाटक पडलं. परीक्षण छापून यायच्या आधी मास्तरांना निकाल माहीत असायचा.

मास्तर शिक्षक नव्हते. चौतीस वर्षं ते प्लांटवर ऑपरेटर होते. शाळेच्या सहली प्लांट बघायला येऊ लागल्या आणि त्यांना सगळं समजावून द्यायचं काम यांच्याकडे आलं, तेव्हापासून हे नाव पडलं. समजावून देणं हा साधा शब्द झाला. मास्तर प्रयोग लावायचे.

"सकाळी दात घासून तुम्ही जे पाणी थुंकलात, ते कुठे गेलं?" हा पहिला प्रवेश. मुलं एकमेकांकडे बघत. मग मास्तर आवाज खाली आणत. "ते तुमच्याआधी इथे पोचलंय. तुमच्या मागेच आहे." चाळीस मुलं एकदम मागे वळून टाकीकडे बघत, आणि मास्तरांच्या अंगावर मूठभर मांस चढे.

खरं नाटक मात्र जारचं. हवेच्या टाकीत तळाच्या नळ्यांतून सतत हवा सोडलेली असते, त्यामुळे टाकी मंद आचेवर उकळत असल्यासारखी दिसते. त्या तपकिरी पाण्यात कोट्यवधी जिवाणू शहराची घाण खात असतात. त्यांच्या गुठळ्या होतात, त्यालाच प्लांटवर गाळ म्हणतात. एक लिटरच्या उंच काचेच्या जारमध्ये ते पाणी भरून अर्धा तास स्थिर ठेवलं की गाळ खाली बसतो आणि वर काचेसारखं पाणी उरतं. गाळ अडीचशेच्या खुणेच्या आसपास बसला की प्रकृती ठणठणीत. मास्तर रोज सकाळी या जारसमोर अर्धा तास बसत. त्यांची बायको म्हणायची, "मला बघायला आले होते तेव्हासुद्धा इतकं एकटक बघितलं नव्हतं यांनी."

गाळ वाढत जातो, म्हणून रविवार सोडून रोज चाळीस मिनिटं एक व्हॉल्व्ह उघडून थोडा काढून टाकावा लागतो. कमी काढला तर टाकीत गर्दी होते, जास्त काढला तर कामाला कुणी उरत नाही. हा व्हॉल्व्ह एका खड्ड्यात होता आणि वरून बघणाऱ्याला तो उघडा आहे की बंद हे कळत नसे. म्हणून जुन्या ऑपरेटरनं एक रीत घालून दिली होती. व्हॉल्व्ह उघडला की कठड्यावर लाल फडकं टाकायचं. फडकं आहे तोवर व्हॉल्व्ह चालू, बंद केल्यावरच फडकं काढायचं. चौतीस वर्षांत ही रीत एकदाही मोडली नव्हती.

ती मोडली एका शनिवारी, सकाळी पावणेअकराला.

मास्तरांनी व्हॉल्व्ह उघडला, फडकं टाकलं, तेवढ्यात शाळेची बस अर्धा तास आधीच फाटकात आली. जार भरून झाला, पण जारवर टाकायचा पांढरा नॅपकिन धुवायला गेला होता. जार झाकून ठेवायचा आणि अर्ध्या तासानं एका झटक्यात पडदा दूर करून नितळ पाणी दाखवायचं, यावर तर सगळ्या प्रयोगाची मदार. मास्तरांची नजर कठड्यावर गेली. उन्हात ते लाल फडकं मखमलीसारखं दिसत होतं. अर्ध्या तासात परत टाकू, असं म्हणत त्यांनी ते उचललं.

त्या दिवशीचा प्रयोग असा रंगला की विचारू नका. पडदा दूर झाला, मुलांच्या तोंडून एक लांब "आऽऽ" निघालं आणि टाळ्या थांबेचनात. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "मास्तर, तुम्ही चुकीच्या खात्यात आलात." मास्तरांनी फडक्याची घडी करून कोटाच्या खिशात ठेवली आणि मुलांना बसपर्यंत सोडायला गेले. टाळ्या ऐकल्यावर घड्याळ विसरणारी माणसं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना याचं नवल वाटणार नाही. दुपारच्या ऑपरेटरनं कठड्याकडे बघितलं. फडकं नव्हतं, म्हणजे व्हॉल्व्ह बंद. मास्तरांनी त्याला आख्खा प्रयोग सांगितला आणि प्लांटवरचा कोट खुंटीला अडकवून घर गाठलं. घरी तो पुन्हा सांगितला.

"टाळ्या किती वेळ वाजल्या तेवढं सांगा," बायको म्हणाली, "म्हणजे मला वाढता येईल."

रविवारी मास्तरांची सुट्टी. जार बघायची किंवा व्हॉल्व्ह उघडायची पद्धत रविवारी नव्हतीच.

सोमवारी सकाळी त्यांनी जार भरला आणि समोर बसले. पाचव्या मिनिटालाच ते जारवर वाकले. गाळ बसण्याएवढा नव्हताच. अर्ध्या तासानं तळाशी दोन बोटं तपकिरी थर, आणि वरचं पाणी गढूळ, ताकासारखं. टाकी उकळत होती, पण आत काम करणारं जवळजवळ कुणी नव्हतं.

इंजिनिअर मॅडम धावत आल्या. त्यांना रुजू होऊन सात महिने झाले होते. वयानं मास्तरांच्या मुलीएवढ्या, पण कामाला चोख.

"काय झालं असेल, मास्तर?"

"कुणीतरी विषारी काहीतरी सोडलंय. गाळ मेला." मास्तरांनी जार बाजूला सारला. "रंगवाला. दुसरं कोण?"

वरच्या अंगाला कापड रंगवायचा एक कारखाना होता. गेल्या वर्षी त्यानं ब्लीचचा हौद सरळ गटारात रिकामा केला होता आणि दंड भरला होता. तेव्हाच त्याला बजावलं होतं, पुन्हा झालं तर कुलूप. मॅडमनी सीलचं सामान आणि कागद जीपमध्ये टाकले. साक्षीला मास्तर बसले. वाटेत मॅडम एकदाच बोलल्या. "आठ माणसं कामाला आहेत तिथे. पण इलाज नाही."

घाम पुसायला मास्तरांनी कोटाच्या खिशात हात घातला. हाताला रुमाल लागला नाही. लाल फडकं लागलं.

जीप चालत होती. मास्तरांना शनिवार सगळा दिसला, कठडा, बस, पडदा, टाळ्या. व्हॉल्व्ह शनिवारी सकाळपासून उघडा होता. आत्ताही उघडा होता. त्या वाटेनं सगळा गाळ मागच्या जुन्या तळ्यात जाऊन वर्षानुवर्षांच्या काळ्या राड्यात मिसळला होता, तिथून तो परत आणता येणार नव्हता. निवृत्तीला आठ महिने उरले होते. चौतीस वर्षांत फायलीत एक मेमो नव्हता. आणि फडकं खिशात आहे हे जगात एकट्या त्यांना ठाऊक होतं.

रंगवाला दारातच उभा होता. मॅडमकडे न बघता तो मास्तरांकडे वळला.

"मास्तर, तुम्ही आत या आणि स्वतः बघा. शुक्रवारपासून हौद कोरडे आहेत, बॉयलर बिघडलाय. गेल्या वर्षी मी माती खाल्ली, कबूल. या वेळी नाही. तुम्ही बघून जे म्हणाल ते मला मान्य."

मास्तर आत गेले नाहीत. त्यांनी खिशातून फडकं काढलं आणि मॅडमच्या हातातल्या कागदांवर ठेवलं.

"मॅडम, आधी प्लांटवर फोन करा. गाळाचा व्हॉल्व्ह बंद करायला सांगा. शनिवारपासून उघडाय."

मॅडमनी फोन केला. मग विचारलं, "हे फडकं तुमच्याकडे कसं?"

"जारला पडदा केला होता. गाळ मेला नाही, मॅडम. मी तो सोडून दिला. आणि सकाळी याचं नाव घेतलं ते मीच."

रंगवाल्यानं आतून एक स्टूल आणलं, कारण मास्तरांचे पाय थरथरत होते.

"बसा. मीही बसतो," तो म्हणाला. "माझेही कापतायत."

परतताना मॅडमनी सीलचं सामान मागच्या सीटवर टाकलं. फाटक आल्यावर म्हणाल्या, "मेमो द्यावा लागेल."

"द्यायलाच हवा."

"ते नंतर. टाकी उभी राहायला किती दिवस?"

"आपोआप तीन आठवडे. विरजण मिळालं तर चार-पाच दिवस."

विरजण म्हणजे दुसऱ्या प्लांटचा जिवंत गाळ. तो जवळपास एकाच ठिकाणी होता, नदीच्या खालच्या अंगाच्या शहरात. तिथल्या प्लांटच्या बाई आणि मास्तर बारा वर्षं फोनवर भांडत आले होते. नदीला जरा फेस दिसला की बाईंचा फोन, "काय हो, आज सगळ्या शहरानं एकदम केस धुतले का?" मास्तर उत्तर द्यायचे, "तुमच्यासाठीच धुतो, तुम्ही बघता म्हणून." दोघांनी एकमेकांना कधी पाहिलंही नव्हतं.

मास्तरांनी फोन लावला आणि काही न लपवता सगळं सांगितलं. बाईंनी विचारलं.

"चूक नक्की तुमचीच?"

"माझीच."

"मग बरं. तुमच्या हातून पुन्हा होणार नाही. दुसऱ्या कुणाची असती तर मी विचार केला असता." मग त्या कागद चाळत असल्याचा आवाज आला. "सहा टँकर देते. माझ्या टाकीला तेवढे झेपतील. संध्याकाळपर्यंत पहिला पोचेल."

"बाई, तुमचे उपकार—"

"उपकार कसले? तुम्ही जे धुणार नाही ते उद्या माझ्या दारात येतं. क्लोरिन वाढवा आणि शहराला पाणी कमी वापरायला सांगा."

पहिला टँकर ऊन कलायच्या आत आला, आणि ड्रायव्हरच्या शेजारून एक ठेंगणी, पिकल्या केसांची बाई उतरली. मास्तर आवाजावरून ओळखून पुढे गेले. बाईंनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं.

"फोनवर उंच वाटत होतात," त्या म्हणाल्या आणि नळीकडे वळल्या.

झाकण निघालं तसा जंगलातल्या ओलसर जमिनीचा वास आला. निरोगी गाळाचा वास. मास्तरांनी तो डोळे मिटून घेतला.

मॅडमनी त्याच दिवशी शहराला कळवलं. कारण दडवलं नाही, नाव मात्र घेतलं नाही. "आमच्या हातून चूक झाली आहे. पाच दिवस कपडे धुणं आणि गाड्या धुणं टाळा, नदीत उतरू नका." रिक्षावरच्या कर्ण्यातून हे रात्रीपर्यंत फिरलं. मास्तरांना वाटलं, कोण ऐकणार? मंगळवारी सकाळी सातला ते मीटरसमोर उभे राहिले. काटा रोजच्यासारखा चढू लागला, आणि रोजच्या खुणेच्या बराच खाली थांबला. तिथेच थांबून राहिला.

रंगमंचावर नट वाक्य विसरतो तेव्हा सगळं प्रेक्षागृह कसं श्वास धरून बसतं, कुणी खोकत नाही, आणि पहिल्या रांगेतून कुणीतरी हळूच ते वाक्य पुरवतं, तसं ते होतं. ज्यांनी मास्तरांना कधी बघितलं नव्हतं, त्या हजारो लोकांनी घरोघर बादल्या तशाच ठेवल्या होत्या. मास्तरांनी चष्मा काढून पुसला, मीटरच्या काचेवर काही नसताना तीही पुसली. दुपारी रंगवाल्याचा निरोप आला. बॉयलर दुरुस्त झालाय, पण शनिवारपर्यंत हौद भरत नाही. तुमच्या किड्यांना विश्रांती.

बुधवारी जारमध्ये गाळ दीडशेवर. गुरुवारी एकशे नव्वद. रोज सकाळी आठला खालच्या शहरातून फोन यायचा आणि बाई एकच शब्द विचारायच्या, "किती?" शनिवारी मास्तर म्हणाले, "दोनशे चाळीस, आणि वरचं पाणी असं की तुमचा चेहरा दिसेल."

"नको," बाई म्हणाल्या. "सकाळी सकाळी कशाला?"

मेमो आला. मास्तरांनी त्यावर सही केली आणि खाली स्वतःच्या अक्षरात एक ओळ लिहिली, की मजकूर बरोबर आहे. मॅडमनी कठड्याला साखळीनं एक लाल पत्रा टांगून घेतला, ताटाएवढा मोठा, व्हॉल्व्ह उघडला की पुढे ओढायचा.

"हा खिशात मावणार नाही," त्या म्हणाल्या. मास्तरांना टोमणा पुरेपूर लागला, आणि बरंही वाटलं.

"सहली आता तुम्ही घ्याल ना, मॅडम?"

"मी? मला कोण टाळ्या देणार? पुढच्या शनिवारी दुसरी शाळा येतेय. तुम्हीच. फक्त हेही सांगा मुलांना, फडक्याचं."

त्या शनिवारी बस यायच्या आधी रंगवाला सायकलवरून आला. कागदात गुंडाळलेला गडद निळ्या कापडाचा तुकडा त्यानं मास्तरांच्या हातात दिला. कडा शिवलेल्या, वर दोरी ओवलेली.

"पडद्याला. लाल नको म्हटलं, लाल तुमच्या व्हॉल्व्हला. कितीही धुवा, रंग सुटणार नाही. म्हणजे तुमच्याच टाकीत यायला नको."

मास्तरांनी तो लगेच रिकाम्या जारवर टाकून बघितला.

मुलं आली. जार निळ्या पडद्याआड गेला. अर्धा तास मास्तरांनी फडक्याची गोष्ट सांगितली, काही न गाळता, रंगवाल्याचं नाव आपण कसं घेतलं तेसुद्धा. वेळ झाली. मास्तरांनी दोरीला हात घातला, मग थांबून खिडकीतून कठड्याकडे पाहिलं. पत्रा मागे ढकललेला होता. तरीही ते बाहेर गेले, खड्ड्यात उतरून व्हॉल्व्हचं चाक हातानं घट्ट फिरवून बघितलं, आणि परत आले.

मग पडदा ओढला.