सासूबाईंच्या शेतात बलून

सबरी आणि मी इजिप्तमधल्या लक्सरच्या पाटबंधारे कचेरीत बावीस वर्षं शेजारी बसलो. सेहेचाळिसाव्या वर्षी त्याने राजीनामा दिला आणि पर्यटकांना आकाशात फिरवणारे बलून चालवायला शिकू लागला. “मी मुलगी सरकारी माणसाला दिली होती, फुगेवाल्याला नाही,” असं म्हणून त्याच्या सासूबाईंनी, उम्म वग्दींनी, त्याच्याशी बोलणं टाकलं.

परवान्याच्या परीक्षेला टोपलीत वजन हवं म्हणून परीक्षकांबरोबर मीही चढलो. सूर्य वर आला तसा वारा पडला आणि बलून जागीच रेंगाळला. खाली जिकडे तिकडे ऊस होता, आणि उसात उतरला तर सबरी नापास. मोकळा तुकडा एकच दिसत होता, सासूबाईंचं नुकतंच कापलेलं बरसीम घासाचं शेत. त्या म्हशीसाठी भारा बांधत होत्या.

“हाज्जा, दोर धरा!” सबरी वरून ओरडला. हज करून आलेल्या सासूबाईंना सगळे हाज्जाच म्हणत.

“खाली ये मेल्या, मग बघते तुला!” असं म्हणत त्यांनी दोर पकडला आणि सुनांना हाका मारल्या. टोपली अलगद टेकली.

परीक्षकांना निघायची घाई होती, पण दारी आलेल्याला चहाशिवाय कोण सोडतं? परवान्यावरची सही चहाच्या तबकावरच झाली.

“पाण्यासाठी इतके अर्ज केले, तेव्हा तू कधी बांधावर आला नाहीस,” सासूबाई जावयाला म्हणाल्या. “नोकरी सोडलीस आणि आलास!” मग टोपलीभोवती एक फेरी मारून त्यांनी हळूच विचारलं, “म्हातारी माणसं बसतात का रे यात?”