पत्रिकेच्या तळाची ओळ

आमच्याकडच्या लग्नपत्रिकेत सगळ्यात वर देव असतात. मग वधूवर, मग निमंत्रक, मग मामा, मग आत्यांचे यजमान, आणि मग भावकी. भावकीतलं एखादं नाव राहिलं तर तो माणूस लग्नाला येत नाही. नावाचा क्रम चुकला तर येतो, पण जेवत नाही. हे सगळं मावल्यावर तळाला बोटभर जागा उरते, ती पोरांची. तिथे दोन चिमण्यांचं चित्र, ‘किलबिल’ असा मथळा आणि सगळ्या पत्रिकांत एकच ओळ: आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं!

मी लिहायला लागले ते या बोटभर जागेत.

तेव्हा मी चौथीत होते. आंबिवलीजवळच्या गावात आमचं एकत्र घर होतं. बाबा शहाडला कारखान्यात कामाला जात आणि मोठे काका जमिनीचं आणि घराचं बघत. घरात दहावीपर्यंत पोचलेली एकटी आत्याच, त्यामुळे शाळेचा अभ्यास असो की बँकेचा कागद, सगळे तिच्याकडे धावायचे. मी आणि माझ्या दोन चुलत बहिणी रोज सकाळी रांगेत तिच्यापुढे बसायचो आणि ती आमच्या वेण्या घालायची. मान जरा हलली की टपली. तिचं लग्न डोंबिवलीला ठरलं आणि घरभर आनंद झाला. मला मात्र एकच प्रश्न पडला होता, तो मी कुणाला विचारला नव्हता.

पत्रिकेचा मजकूर काका सांगायचे आणि अक्षर चांगलं म्हणून मी उतरून घ्यायचे. त्या संध्याकाळी भावकी संपली तेव्हा माझी बोटं दुखायला लागली होती.

“आन खाली ते नेहमीचा लिव,” काका म्हणाले आणि उठून गेले.

मी नेहमीचं लिहायला पेन टेकवलं, पण हात पुढे जाईना. आत्याच्या लग्नाबद्दल मला जे वाटत होतं ते त्या ओळीत नव्हतंच. मग मी माझं लिहिलं: ‘आत्या गेल्यावर आमच्या वेण्या कोण घालणार? तुम्ही लग्नाला या, आणि जमलं तर तिला जाऊ देऊ नका.’

सकाळी चहाच्या वेळी आत्याने सगळा मजकूर मोठ्याने वाचला. तळाशी आली आणि फस्सकन हसली. मग चुलीवर काही नसताना “दूध उतू जाईल” म्हणत आत गेली.

काका मात्र लाल झाले. “आरं, ही पोर लगीन मोडते क? व्याही वाचतील त क बोलतील?”

“जाऊ द्या हो भाऊजी, लहान हाय ती,” आई म्हणाली.

“लहान हाय म्हनूनच सांगतंय. काट ते!”

आत्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. “दादूस, तिला परत लिवू दे. चांगला जाला त छाप. नाय त तुजा ‘यायचं हं’ हायेच.”

काकांनी माझ्याकडे पाहिलं. “परवा सकाली मी कल्यानला प्रेसवर जातंय. तवरं जाला पायजे.”

ते दोन दिवस मी कधी विसरणार नाही. शाळेत बाई भागाकार शिकवत होत्या आणि मी वहीच्या मागच्या पानावर ओळी खरडत होते. मधल्या सुट्टीत मैत्रिणी खेळायला बोलवायच्या, मी “आले, आले” म्हणायचे आणि जायचे नाही. त्याआधी लिहिणं म्हणजे फळ्यावरचं उतरवणं, एवढंच मला माहीत होतं. हे वेगळं होतं. एक शब्द इकडचा तिकडे केला की पूर्ण ओळीचा चेहरा बदलायचा, आणि ते बघायला मला लगोरीपेक्षा जास्त मजा येत होती.

वेण्या घालताना मी आत्याला ओळी म्हणून दाखवायचे आणि ती केस ओढून निकाल द्यायची. ‘या मंगल प्रसंगी आपल्या आगमनाने’ अशी मी सुरुवात केली, तर तिने इतके जोरात ओढले की डोळ्यांत पाणी आलं.

“हे तू नाय बोलत, पत्रिका बोलते. तू बोल.”

दुसरी ओळ ऐकून ती म्हणाली, “रडकी हाय. लोका आहेर कराचे सोडून रुमाल काढतील.”

तिसरीला नुसती टपली मिळाली, म्हणजे तीही गेली.

दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना माझ्या लक्षात आलं की मी चुकीच्या माणसांना सांगत होते. आत्याला जाऊ देऊ नका, हे पाहुण्यांना सांगून काय उपयोग? ते बिचारे जेवून घरी जाणार. सांगायचं तिच्या सासरच्यांना. मी घरापर्यंत पळत गेले, वाटेत ओळ सुटून जाईल म्हणून तोंडाने म्हणत.

सकाळी काका कडक इस्त्रीचा शर्ट घालून निघायच्या तयारीत होते. मी कागद घेऊन उभी राहिले आणि वाचलं: ‘आत्या गेल्यावर आमच्या वेण्या कोण घालणार? लग्नाला नक्की या, आणि तिच्या सासरच्यांना सांगा, दर रविवारी आम्ही तिघी केस मोकळे घेऊन येणार आहोत.’

काका म्हणाले, “परत वाच.” मी परत वाचलं. आधी त्यांचं पोट हललं, मग खांदे, आणि मग ते खो खो हसले. पण कागद हातात घेऊन लगेच गंभीर झाले. “पन हे लांब हाय. भावकीच्या खाली जागा नाय उरत. कोनाचा नाव काढू?”

नाव काढायचं म्हणजे युद्धच. मला वाटलं, गेली माझी ओळ.

तेवढ्यात बाबा बोलले. थोरल्या भावापुढे ते सहसा तोंड उघडत नसत. बुटाची नाडी बांधता बांधता, वर न बघताच म्हणाले, “चिमन्या काढ ना दादूस. त्यांना कोन वलखतं?”

चिमण्या गेल्या आणि माझी ओळ छापली गेली.

पुढे शिकत गेले. आमच्या घरातली पहिली पदवी माझी, आणि तिच्यामागे माझ्यापेक्षा घरच्यांचेच कष्ट जास्त. नंतर माझं लिहिलेलं अधूनमधून छापून येऊ लागलं. तरी लिहिण्याने काय होऊ शकतं हे मला पहिल्यांदा कळलं ते आत्याच्या पत्रिका वाटायला बाबांबरोबर ठाण्याला गेले तेव्हा. खोपटला एसटी डेपोच्या मागे बाबांची मावशी राहायची. तिने अक्षता लावलेली पत्रिका उघडली आणि बोट फिरवत आधी आपल्या नवऱ्याचं नाव शोधलं. ते जागच्या जागी सापडल्यावर तिचा जीव भांड्यात पडला. मग बोट तळाशी गेलं.

“आगो माजे आये, क लिवलंय!” म्हणत ती हसत सुटली. डोळे पुसून तिने ओळ पुन्हा वाचली, पण या वेळी हसली नाही. तिच्या तिन्ही मुली लग्न होऊन कधीच गेल्या होत्या.

“रविवारी,” ती हळूच म्हणाली, “आमच्या पन येत्या त...”

मी बघत राहिले. मला तिच्या मुलींची साधी नावंही माहीत नव्हती. मी माझ्या वेणीबद्दल लिहिलं होतं आणि ते तिच्यापर्यंत कसं पोचलं, हे मला काही केल्या समजेना. असं पुन्हा पुन्हा व्हावं, एवढं मात्र वाटत होतं.

“कोनी लिवलं र हे?” तिने बाबांना विचारलं.

“हिनं,” बाबा म्हणाले. बाकी काही नाही. चहा पिऊन आम्ही निघालो.

पुढच्या घरी दार उघडलं. रीतीप्रमाणे आधी लग्नाची तारीख सांगायची, हळदीचं आमंत्रण द्यायचं, मग पत्रिका हातात ठेवायची. बाबांनी पत्रिका उघडूनच पुढे केली आणि तळाशी बोट ठेवलं.

“आधी हे वाचा,” ते म्हणाले. “देव नंतर.”